सापांच्या खाद्यासाठी पाळलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातील दुर्गंधी : कारणे आणि नियंत्रण

प्रस्तावना

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत बिनविषारी साप घरात पाळण्याचा छंद गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. पश्चिम आफ्रिकेत आढळणारा बॉल पायथन हा लहान अजगर या छंदात विशेष लोकप्रिय आहे आणि त्याचे नेहमीचे खाद्य म्हणजे उंदीर. एखाददुसरा साप पाळणाऱ्याला दुकानात मिळणारे गोठवलेले उंदीर पुरतात. परंतु सापांची संख्या वाढू लागली की खर्चाच्या आणि सोयीच्या दृष्टीने उंदरांची पैदास घरीच करण्याकडे कल होतो. अडचण येथून सुरू होते. साप खातो तोही दिवसांच्या अंतराने आणि विष्ठा टाकतो तीही दिवसांच्या अंतराने. उंदीर मात्र अहोरात्र खातो, पितो आणि मुततो. साप पाळणाऱ्या घराला वास येतो अशी जी समजूत आहे, त्यातील वास बहुधा सापाचा नसून त्याच्या खाद्याचा असतो.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी साप खाजगीरीत्या पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांसाठी, या अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांन्वये शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली आहे. त्यामुळे हा छंद आपल्याकडे मर्यादितच आहे. तथापि उंदरांच्या वासाचा प्रश्न केवळ छंदापुरता नाही. सर्पोद्याने, विषसंकलनासाठी साप ठेवणाऱ्या संस्था आणि औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील प्राणिगृहे या सर्वांचा पांढऱ्या उंदरांशी संबंध येतो. पिंजरा कोठेही असला तरी त्यातील रसायनशास्त्र एकच असते.

मराठीत ‘उंदीर’ या एकाच शब्दात दोन भिन्न प्राणी येतात. प्रस्तुत लेखात ‘उंदीर’ म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस या प्रजातीचा, पूर्ण वाढीनंतर सुमारे २५० ते ५०० ग्रॅम वजनाचा, प्रयोगशाळेतील पांढरा किंवा ठिपकेदार मोठा उंदीर होय. पंचवीस-तीस ग्रॅमचा लहान उंदीर, म्हणजे मस मस्क्युलस, हा वेगळा. त्याच्या नराच्या मूत्रात ट्रायमिथिलअमाइन हे सडक्या मासळीसारख्या वासाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. मोठ्या उंदराच्या मूत्रात ते त्या प्रमाणात नसते. लहान उंदरांपेक्षा मोठे उंदीर कमी घाण वासाचे, असा पाळणाऱ्यांचा जो अनुभव आहे त्याला हा आधार आहे. आपल्या घरांत वासासाठी कुप्रसिद्ध असलेली चिचुंद्री तर मुळात उंदीरच नव्हे; तिचा वास तिच्या कस्तुरीग्रंथींचा असतो.

दुर्गंधीचा उगम

ताज्या मूत्राला अमोनियाचा वास नसतो. उंदराने खाल्लेल्या प्रथिनातील जो नायट्रोजन शरीराला नको असतो, तो यकृतात युरियाच्या रूपात बांधला जातो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. युरिया गंधहीन असतो. परंतु विष्ठेतील आणि पिंजऱ्यातील अनेक जिवाणूंकडे युरेज नावाचे विकर असते आणि ते युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. हेच विकर जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. विकरे ही प्रथिने असतात हे त्यातून प्रथमच दाखवले गेले आणि पुढे १९४६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वास निर्माण होण्यासाठी म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : युरिया, जिवाणू आणि ओलावा. यांपैकी ओलावा सर्वांत महत्त्वाचा, कारण पाळणाऱ्याच्या हातात सर्वाधिक तोच असतो.

या प्रक्रियेला एक घातक वळण आहे. आम्लधर्मी ओलाव्यात अमोनिया हा अमोनियम आयनाच्या रूपात विरघळून राहतो आणि हवेत जात नाही. अमोनिया साचत गेला की ओलावा अल्कधर्मी होतो आणि मग त्यातील अधिकाधिक भाग वायुरूपाने सुटू लागतो. म्हणूनच स्वच्छ केलेल्या पिंजऱ्यात पहिले दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही आणि त्यानंतर वास एकाएकी उसळतो. जिवाणूंची संख्या वाढण्यास लागणारा वेळ आणि अल्कता वाढण्यास लागणारा वेळ, असे हे दोन्ही मिळून घडते.

अमोनिया हा एकमेव वास नव्हे. या बाबतीत मराठी भाषा पाळणाऱ्याला मदत करते. नाकाडोळ्यांना झोंबणारा तिखट वास अमोनियाचा. कुबट वास भिजून बुरशी आलेल्या गादीचा. आंबूस वास ओल्या झालेल्या खाद्याचा. कुजकट वास गादीत दडलेल्या मेलेल्या पिल्लाचा. आणि उग्र, किंचित कस्तुरीसारखा वास प्रौढ नराच्या ग्रंथिस्रावांचा. ‘वास येतो’ एवढेच म्हणून संपूर्ण पिंजरा धुण्यापेक्षा कोणता वास येतो हे ओळखले तर त्याचा उगम बहुधा काही मिनिटांत सापडतो. कुबट वासाचे मूळ पुष्कळदा मूत्रात नसतेच. पाण्याच्या बाटलीची गळकी तोटी हे त्याचे कारण असते. उंदीर वजनाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला साधारण १० मिलिलिटर पाणी पितो. तीनशे ग्रॅमच्या वीस उंदरांना त्या हिशेबाने दिवसाला ६०० मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला चार लिटरहून थोडे अधिक पाणी लागते. हे पाणी मूत्र, विष्ठा आणि श्वासातील वाफ या रूपांनी अखेर त्या खोलीतच येते. त्यात गळतीची भर पडली की कोणतीही गादी पुरी पडत नाही.

खोलीची हवा आणि पेटीची हवा

वासाच्या तीव्रतेचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. प्रौढ उंदीर दिवसाला सुमारे २० ग्रॅम खाद्य खातो. त्यात १८ टक्के प्रथिने असतील तर ३.६ ग्रॅम प्रथिने, म्हणजेच साधारण ०.५८ ग्रॅम नायट्रोजन त्याच्या पोटात जातो. त्यातील ०.४ ग्रॅम युरियाच्या रूपाने मूत्रात उतरला असे धरले, तर त्यापासून जास्तीत जास्त ०.७ लिटर अमोनिया वायू तयार होऊ शकतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा बंद खोलीत तो मिसळला तर हवेत दहा लाख भागांत २६ भाग इतके त्याचे प्रमाण होईल. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा २५ भाग आहे. एका उंदराचे एका दिवसाचे मूत्र एवढ्यासाठी पुरेसे आहे.

प्रत्यक्षात असे होत नाही, कारण सर्व युरियाचे विघटन एकाच दिवसात होत नाही आणि खोलीची हवा सतत बदलत असते. परंतु हाच हिशेब ५० लिटरच्या प्लॅस्टिकच्या पेटीला लावून पाहिला तर चित्र पालटते. तेवढ्या हवेत २५ भागांचे प्रमाण गाठण्यास केवळ सव्वा मिलिलिटर अमोनिया पुरतो, म्हणजे वर सांगितलेल्या दैनिक क्षमतेच्या हजारांत दोन भागांहूनही कमी. छंदी लोकांत लोकप्रिय असलेल्या खणांच्या मांडणीत अशा पेट्या टेबलाच्या खणांप्रमाणे एकीखाली एक सरकवलेल्या असतात आणि हवा केवळ वरच्या फटीतून किंवा जाळीतून खेळते. त्या खोलीत पंखा आणि हवा बाहेर फेकणारे यंत्र असले, तरी पेटीच्या तळाशी ओल्या गादीला नाक लावून बसलेल्या उंदराला त्याचा लाभ फारसा होत नाही.

दुर्गंधी-नियंत्रणाचा विचार सामान्यतः येथेच चुकतो. तो खोलीत शिरणाऱ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवरून केला जातो. शेजाऱ्यांची तक्रार थांबली, पाहुण्यांनी नाक मुरडले नाही, की काम झाले असे मानले जाते. आत राहणारा प्राणी कोणती हवा घेतो, हा प्रश्न त्यात येतच नाही. शिवाय पाळणाऱ्याचे नाकही विश्वासार्ह साक्षीदार नसते. गंधाशी सतत संपर्क आला की घ्राणेंद्रिय थकते. रोज त्या खोलीत वावरणाऱ्याला जे जाणवत नाही, ते बाहेरून आलेल्याला दारातच जाणवते. म्हणून अमोनियाचे प्रमाण पेटीच्या आत, गादीपासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर, रंगसूचक कागदाने किंवा नळीने मोजणे इष्ट ठरते. हे शक्य नसेल तर सकाळी पहिल्यांदा खोलीत शिरताच पेटी अर्धवट उघडून, नाक तिच्या कडेशी नेऊन जे जाणवेल ते प्रमाण मानावे. डोळ्यांना किंचित जरी झोंबले तरी गादी बदलण्याची वेळ टळून गेली असे समजावे.

उंदराच्या श्वसनसंस्थेवरील परिणाम

श्वासनलिकेच्या आतील पेशींवर सूक्ष्म रोमके असतात आणि त्यांच्या हालचालीने श्लेष्म्यात अडकलेली धूळ व जंतू वर ढकलले जातात. अमोनिया या रोमकांची हालचाल मंदावतो. बहुतेक प्रयोगशाळांबाहेरील उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू मुक्कामालाच असतो. उंदीर धडधाकट असेतो तो फारसा उपद्रव करत नाही. ब्रॉडर्सन, लिंड्सी आणि क्रॉफर्ड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवेतील अमोनियाचे प्रमाण २५ ते २५० भाग असताना या जिवाणूमुळे होणारा नाकाचा दाह, मध्यकर्णाचा दाह, श्वासनलिकेचा दाह आणि न्यूमोनिया हे सर्व लक्षणीयरीत्या तीव्र होतात असे आढळले. म्हणजे माणसाला जे प्रमाण जेमतेम सुसह्य वाटते, तेथेच उंदराचे फुप्फुस खचू लागते.

अशा उंदराची लक्षणे ठरावीक आहेत. तो शिंकतो, श्वास घेताना घरघर किंवा टकटक आवाज येतो, केस विस्कटलेले राहतात, मान एका बाजूला कलते आणि डोळ्यांच्या व नाकाच्या कडांना तांबूस खपली धरते. ही खपली रक्ताची नसते. डोळ्यामागील हार्डेरियन ग्रंथीतून स्रवणाऱ्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याची ती असते आणि आजाराची वा ताणाची ती खूण आहे. ‘खाद्याचेच तर उंदीर, काही आठवड्यांनी सापाच्या पोटातच जायचे’ असा युक्तिवाद या संदर्भात ऐकू येतो. तो दोन अंगांनी लंगडा आहे. पैदाशीचे नर-मादी काही आठवड्यांचे पाहुणे नसतात; ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ त्याच हवेत राहतात आणि आजारी मादीची पिल्ले कमी व हलकी निपजतात. आणि जो प्राणी खाद्य होणार आहे त्याचे आयुष्य थोडे आहे म्हणून ते गुदमरण्यात जावे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

संख्येचा हिशेब

गादी आणि हवा यांच्या आधी उंदरांची संख्या विचारात घ्यावी लागते. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेतात सामान्यतः ८ ते १२ पिल्ले होतात, आणि व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. एक नर आणि दोन माद्या एकत्र राहिल्या तर महिनाभरात वीस पिल्ले सहज होतात. प्रौढ बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. तीन साप असलेल्या माणसाला महिन्याला पाच-सहा उंदीर लागत असताना वीस निपजत असतील, तर उरलेले चौदा-पंधरा दर महिन्याला त्याच खोलीत साठत जातात. वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या पाळणाऱ्याने प्रथम हाच हिशेब मांडावा. नराला माद्यांपासून वेगळे ठेवून गरजेपुरतेच वेत घेणे, पिल्ले तीन आठवड्यांनंतर आईपासून तोडणे आणि पाच आठवड्यांच्या आत नर-मादी वेगवेगळे करणे, एवढ्याने पुष्कळ काम होते.

शीतपेटी हे साधनही वास्तविक दुर्गंधी-नियंत्रणाचेच आहे, जरी तसा तिचा विचार क्वचित होतो. योग्य आकाराला आलेले उंदीर मानवी पद्धतीने मारून गोठवले तर ते जिवंत सांभाळावे लागत नाहीत. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कार्बन डायऑक्साइड वापरायचा झाल्यास तो पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के प्रतिमिनिट या गतीने, हळूहळू सोडावा लागतो. नवजात पिल्लांवर हा वायू फार उशिरा परिणाम करतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. श्वास थांबला असे वाटल्यावरही मृत्यूची स्वतंत्र खात्री करावी लागते. मेलेला उंदीर वितळवून दिल्यास सापालाही धोका राहत नाही. भेदरलेला जिवंत उंदीर सापाला खोल चावे घेतो, याचे अनुभव पाळणाऱ्यांत सर्वत्र आहेत.

आहाराचा वाटाही थोडा नाही. कुत्र्या-मांजरांचे प्रथिनयुक्त खाद्य उंदरांना घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला १८ टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिने लागतात. परंतु नुसत्या सांभाळलेल्या प्रौढांना १४ टक्क्यांच्या आसपास पुरतात. वरील हिशेबातच १८ ऐवजी १४ धरले तर नायट्रोजन सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. गादी न बदलता, एक पैसाही खर्च न करता झालेली ही घट आहे.

गादीची निवड

पिंजऱ्याच्या तळाशी पसरण्याच्या पदार्थाला कुक्कुटपालनात रूढ असलेला ‘गादी’ हा शब्द येथेही चपखल बसतो. गादीचे काम वास लपवण्याचे नसून ओलावा शोषून पृष्ठभाग कोरडा ठेवण्याचे आहे. वासासाठी देवदार वर्गातील सुगंधी लाकडाचा भुसा वापरण्याचा मोह पाश्चात्य देशांत पूर्वी फार होता. वेसेल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की अशा मऊ लाकडाच्या गादीवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांची पातळी वाढते, म्हणजेच तो सुगंध शरीरात शिरून यकृताला कामाला लावतो. खोलीला छान वास येतो आणि उंदराच्या नाकाला अमोनियाखेरीज आणखी एक दाहक द्रव्य मिळते. ॲस्पेनचे छिलके, कागदाच्या गोळ्या, उष्णतेने वाळवून दाबलेल्या लाकडाच्या गोळ्या, किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा हे पर्याय अधिक बरे मानले जातात. मक्याचा भरडा अमोनिया चांगला रोखतो, पण फार भिजला की त्याला बुरशी येते.

आपल्याकडे स्वस्तात उपलब्ध असणाऱ्या पदार्थांचा येथे थोडा अधिक विचार करणे योग्य होईल. भाताचे तूस सर्वत्र मिळते आणि प्राणिगृहांतही ते वापरले जाते. परंतु त्याच्या वरील सिलिकायुक्त कवचामुळे ते पाणी कमी शोषते आणि मूत्र खाली तळाशी जाऊन साचते. वर कोरडे दिसणारे तूस हलवले की खाली अमोनियाचा साठा सापडतो. वखारीतील लाकडाचा भुसा शोषक असतो, मात्र त्यात बारीक धूळ असते आणि प्लायवूडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा मिसळलेला नाही याची खात्री देता येत नाही. तो चाळून, उन्हात वाळवूनच वापरावा. उसाचे चिपाड उत्तम शोषक आहे, पण ओलसर साठवलेल्या चिपाडात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे माणसाला फुप्फुसाचा ‘बगॅसोसिस’ हा आजार होतो. वर्तमानपत्राच्या पट्ट्या घरट्यासाठी उत्तम, गादीसाठी अपुऱ्या. क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट खनिज अमोनियम आयन धरून ठेवते, त्यामुळे ते गादीखाली थोडेसे पसरल्यास उपयोग होतो, मात्र त्याची धूळ उडता कामा नये. मांजरांसाठी मिळणारी, भिजल्यावर गोळा होणारी माती टाळावी, कारण उंदीर ती कुरतडतात. जाळीच्या तळाचा पिंजरा मूत्र खाली पाडतो खरा, परंतु अशा तळावर दीर्घकाळ राहणाऱ्या जड उंदरांच्या तळपायांना जखमा होतात.

स्वच्छतेचे वेळापत्रक

वारंवार धुणे म्हणजे अधिक स्वच्छता, हा समज उंदरांच्या बाबतीत पूर्णतः खरा नाही. उंदीर वासाच्या जगात राहतो. आपल्या वासाच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या की तो त्या नव्याने उमटवू लागतो, आणि नर तर विशेष उत्साहाने. पिल्ले झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिंजरा रिकामा करून धुतल्यास बिथरलेली आई पिल्ले मारून खाण्याचा धोका वाढतो. व्याण्याच्या एक-दोन दिवस आधी पूर्ण स्वच्छता, त्यानंतर साधारण आठवडाभर केवळ मुतण्याच्या कोपऱ्यातील ओली गादी काढणे, आणि पूर्ण गादी बदलताना घरट्यातील थोडा कोरडा भाग परत ठेवणे, अशी पद्धत लाभदायक ठरते. उंदीर बहुधा एकाच कोपऱ्यात मुततात. तो कोपरा दर दोन दिवसांनी रिकामा करणे हे आठवड्यातून एकदा सगळे धुण्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण अमोनियाची उसळी येण्याआधीच युरिया बाहेर गेलेला असतो.

प्लॅस्टिकवर धरणारा पांढरट थर मूत्रातील क्षारांचा असतो आणि त्यात जिवाणू तग धरून राहतात. नवी गादी घातली तरी तिला विरजण लागावे तसे होते. पातळ केलेल्या व्हिनेगारने हा थर सुटतो. नंतर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच गादी घालावी. येथे एक इशारा अत्यावश्यक आहे. मूत्राने माखलेल्या पेटीवर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर थेट ओतल्यास अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हे विषारी वायू निर्माण होतात, आणि व्हिनेगार व ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन सुटतो. बंद न्हाणीघरात असा प्रयोग जिवावर बेतू शकतो. जंतुनाशक वापरायचे तर ते आधी साबणाने स्वच्छ धुतलेल्या, पाण्याने खळबळलेल्या पेटीवरच वापरावे.

फिनाईल, उदबत्ती, धूप, फवाऱ्याचे अत्तर यांनी अमोनिया नाहीसा होत नाही. माणसाच्या नाकाला तो कळेनासा होतो इतकेच. ओझोन सोडणारी यंत्रे तर फुप्फुसांना स्वतःच अपायकारक आहेत. सक्रिय कोळशाची गाळणी सेंद्रिय वास चांगले शोषते, परंतु साध्या कोळशावर अमोनिया फारसा टिकत नाही. त्यासाठी आम्लाने प्रक्रिया केलेला कोळसा लागतो. महागडी गाळणी बसवूनही झोंबरा वास तसाच का राहिला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा यातच असते.

माणसाचे आरोग्य

उंदरांच्या, विशेषतः प्रौढ नरांच्या मूत्रात एक विशिष्ट प्रथिन असते आणि ते ॲलर्जीचे प्रमुख कारण आहे. ते धुळीसोबत हवेत उडते आणि शिंका, डोळ्यांची खाज, पित्त उठणे येथपासून दम्यापर्यंत त्रास देते. प्राणिगृहांतील कर्मचाऱ्यांचा हा ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. या प्रथिनाला वास नसतो. म्हणजे अमोनियाचा वास येत असेल तर गादी दूषित आहे हे निश्चित, परंतु वास येत नाही म्हणून हवा निर्धोक आहे हे मात्र निश्चित नाही. सेऊल विषाणूचेही तसेच आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांत घरगुती उंदीरपैदास करणाऱ्यांत त्याचा प्रादुर्भाव आढळला. हा विषाणू बाधित उंदराच्या मूत्र-विष्ठेची वाळलेली धूळ श्वासावाटे गेल्याने माणसापर्यंत पोहोचतो. तेव्हा कोरडी गादी झाडूने झाडू नये. ती किंचित ओलसर करून, हातमोजे व मुखपट्टी लावून, पिशवीत भरावी. हे काम राहत्या खोलीत करू नये.

उंदरांची आणि सापांची खोली वेगळी असावी, याला वासाखेरीज दुसरेही कारण आहे. उंदराचा गंध सतत येत राहिला की साप सदैव भक्ष्याच्या पवित्र्यात राहतो आणि उंदीर हाताळलेल्या हाताला भक्ष्य समजून झडप घालतो. तिसरे कारण तापमानाचे आहे. सापांची खोली बहुधा तीस अंशांच्या आसपास उबदार आणि दमट ठेवली जाते, तर उंदरांसाठी २० ते २६ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. उबदार, दमट हवेत जिवाणू जोमाने वाढतात, अमोनिया लवकर सुटतो आणि उष्म्याने उंदरांची, विशेषतः नरांची, प्रजननक्षमता घटते.

पावसाळ्यातील प्राणिगृह

तापमान व आर्द्रतेचे हे आकडे वाचताना कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळा डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतील आर्द्रताच ८० ते ९० टक्के असते. खिडकी उघडून हवा बदलली तरी आत येते ती ओलीच. पाश्चात्य पुस्तकांतील ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला या दिवसांत अपुरा पडतो, आणि हिवाळ्यात आठवड्याला पुरणारी गादी पावसाळ्यात तीन-चार दिवसांत निकामी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवल्यानंतर अनेक महाविद्यालयांतील प्राणिगृहे ओस पडली. तथापि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत ती चालू आहेत, आणि तेथील परिचरांना हा फरक पाठ असतो, जरी गादीच्या खरेदीचा ताळेबंद बारमाही सारखाच आखला जात असला तरी. पावसाळ्यापूर्वीच तूस वा भुसा वाळवून हवाबंद पिंपांत साठवणे, जून ते सप्टेंबर या काळात पैदास कमी करणे, पेटीतील उंदरांची संख्या निम्म्यावर आणणे आणि शक्य तेथे आर्द्रता शोषणारे यंत्र लावणे, हे उपाय या हंगामासाठी आहेत.

याच दिवसांत बाहेरचे उंदीर आणि घुशी कोरड्या आसऱ्याच्या आणि सांडलेल्या खाद्याच्या शोधात आत शिरतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू पिंजऱ्यांतील उंदरांपर्यंत आणि ओल्या फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेल्या लेप्टोच्या साथीची आठवण या संदर्भात पुरेशी आहे. खाद्याची पोती जमिनीपासून उंच, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवणे, गटाराच्या तोंडाला जाळी बसवणे आणि काढलेली गादी त्याच दिवशी इमारतीबाहेर नेणे ही कामे वासाच्या यादीत सहसा धरली जात नाहीत. परंतु दाराशी रात्रभर पडून राहिलेली ओल्या गादीची पिशवी धुतलेल्या वीस पेट्यांइतका वास एकटी देते, आणि बाहेरच्या घुशीला आत येण्याची वाटही तीच दाखवते.